हाकेचं बटण

माझ्या टेबलाच्या खणात एक जाडजूड काळा मोबाइल पडून आहे. त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. म्हणजे कॉलेजच्या ज्या कॉम्प्युटर लॅबवर माझं पोट चालतं, तिथल्या यंत्रांत जे असतं तेच, जरा लहान करून बसवलेलं. मी जळगावात मेहरूणला राहतो आणि हौसेला मोल नसतं म्हणतात, तशा हौसेनं हा फोन मागवला होता. त्यावरून धड फोन लागत नसे. बॅटरी दुपारी मान टाकायची. घरात त्याची यथेच्छ चेष्टा व्हायची, आणि मी प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचो, की बाकीचे फोन कंपनीचं ऐकतात, हा माझं ऐकतो.

माझं ऐकतो म्हणजे कसा, तर काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: अमुक पॅकेज, म्हणजे अमुक प्रोग्रॅम, बसव. मग तो लगेच बसवत नाही. आधी यादी दाखवतो, की ह्याच्यासाठी ते लागेल, त्याच्यासाठी आणखी ते लागेल. एका पाव्हण्याला आवतण द्यावं आणि त्यानं सगळा गोतावळा घेऊन यावं, तसलं प्रकरण. साधं एक घड्याळ बसवायला कधी कधी वीस-पंचवीस पॅकेजं येतात, नमनालाच घडाभर तेल. पण शेवटी तो विचारतो, बसवू का? हो की नाही? त्या विचारण्याचं मला फार कौतुक होतं. वर्गात मुलांना सांगायचो, सभ्य यंत्र आहे, परवानगीशिवाय घरात कुणाला घेत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये तीसेक वर्षं मुकादम होते. कापसातून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आबांचं यायचं. तो आवाज घरात कमी करायची किल्ली नव्हती, त्यामुळे मीठ मागतानाही ते जिनिंगमध्ये असल्यासारखेच मागत. काम सुटल्यावर ते गावी येऊन राहिले. गाव धुळ्यापासून बसनं तासाभरावर. सकाळी ओट्यावर बसायचं, बिडी पेटवायची आणि परसात म्हशीपाशी असलेल्या माझ्या आईला हाक मारायची, "ऐकस का वंऽ?" तिकडून आई म्हणायची, "ओऽ." आमच्याकडे त्या वयाचा नवरा बायकोचं नाव घेत नाही. गल्लीत पंधरा बाया होत्या आणि त्यातल्या अर्ध्यांना त्यांचे नवरे असंच बोलवत, पण ह्या हाकेला ओ एकाच घरातून यायची.

मग एका कापसाच्या हंगामात आबांचा आवाज बसला तो बसलाच. काढे झाले, हळद-दूध झालं, शेवटी नाशिकच्या दवाखान्यात तपासणी झाली. घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल, म्हणाले डॉक्टर. आवाज जाईल, माणूस राहील. आठ दिवसांनंतरची तारीख दिली.

परतीच्या वाटेवर आबा खिडकीबाहेर बघत होते आणि मला रडू येत होतं, हे खरं. पण त्याच वेळी माझ्या डोक्याच्या एका कोपऱ्यात उत्साह शिरला होता, तोही सांगायलाच हवा. माझ्या फोनला काम मिळालं होतं. ऑपरेशनच्या आधी आबांचा आवाज वाक्यावाक्यानं भरून घ्यायचा, प्रत्येक वाक्याला एक बटण करायचं, बटण दाबलं की आबांच्याच आवाजात ते वाक्य वाजेल. लॅबमधल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, की साध्या फोनवर असलं तयार अ‍ॅप मिळतं, दोन मिनिटांत होतं. त्याचं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टीत माझी काय करामत?

लॅबमध्ये बसून मी दोनशे वाक्यांची यादी केली. जेवणखाण, दुखणंखुपणं, दवाखाना, पाहुणे, घरची माणसं, असे भाग पाडले. छापून घेतली, नंबर घातले. रजा टाकून गावी गेलो.

रेकॉर्डिंग चार दिवस चाललं. पुढच्या खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद. पहिल्या दिवशी आबा आतून आले ते इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर पांढरी टोपी घालून. फोटो काढायचा असल्यासारखे. मला हसू आलं. "आबा, आवाजच भरायचा आहे, टोपी दिसणार नाही," मी म्हणालो. ते म्हणाले, "राहू दे. कागदवरनं बोलनं शे."

खरं तर तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आबांच्या लेखी कागदावरचं बोलणं वेगळं होतं. ते शेटजींशी, साहेबांशी, बँकेतल्या बाईंशी बोलायचं बोलणं. त्यांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि बसलेल्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करत वाचलं, "मला पाणी हवे आहे." आयुष्यात ते असं कधी बोलले नव्हते. आणि मी, त्यांच्याच घरात 'माले पानी दे' ऐकून वाढलेला माणूस, म्हणालो, "वा आबा, एकदम शुद्ध!"

पुढे एका वाक्यापाशी ते अडले. "वेदना म्हंजे दुखनंच ना रे?"

"हो."

"मंग 'दुखस' म्हनू का?"

"नको, वेदनाच म्हणा. चारचौघांत बरं वाटतं."

म्हणाले बिचारे. मी सांगेन तसं म्हणत गेले. मी शिकलेला मुलगा होतो आणि त्यांना माझा अभिमान होता, आता त्याला काय करणार.

एक मात्र त्यांना जमेना. दर आठ-दहा वाक्यांनंतर सवयीनं ते दाराकडे तोंड करून हाक मारायचे, "ऐकस का वं?" कधी पाण्यासाठी, कधी उगाच. आणि स्वयंपाकघरातून आईची ओ यायची. दोन्ही रेकॉर्ड व्हायचं. पहिल्या दिवशी दोन-तीनदा असं झाल्यावर मी आत जाऊन आईवर डाफरलो. "माय, आमचं भरणं चालू असेल तोवर ओ देऊ नको. सगळं बिघडतं." ती म्हणाली, "बरं भाऊ." आमच्याकडे आई मुलालाही भाऊ म्हणते.

चौथा दिवस निघायचा होता. दुपारी गाडी येणार होती. नाशिकला रुग्णाजवळ एकालाच राहता येत होतं, तो मी, आणि म्हैस टाकून आईलाही निघता येत नव्हतं. सकाळी आम्ही उरलेली वाक्यं घ्यायला बसलो. घरची माणसं हा भाग राहिला होता. नातवंडांना बोलवा, धाकट्या मुलाला फोन लावा, शेजाऱ्यांना हाक मारा. आईच्या वाक्याशी यादी करतानाच मी बराच वेळ घुटमळलो होतो. नाव तर ते घेणार नाहीत. मग काय लिहावं? शेवटी मी लिहिलं होतं, "माझ्या पत्नीला बोलवा."

आबांनी ते मनातल्या मनात वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग कागद मांडीवर ठेवून, दाराकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "ऐकस का वंऽ?" थांबले. परत मारली. परत थांबले, तिसऱ्यांदा मारली.

मला वाटलं, तहान लागली असेल. गाडीची वेळ होत आली होती आणि मी वैतागलो होतो. "आबा, मधे बोलू नका. यादीत आहे तेवढं वाचा."

त्यांनी कागद उचलला आणि वाचलं, "माझ्या पत्नीला बोलवा."

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर फोन घेऊन बसलो होतो. बसून करणार काय? आदल्या दोन रात्रींत वाक्यं कापून, साफ करून बटणांना जोडून झाली होती. मधली खाकरणी, कागदाची फडफड, हाका, कोंबड्याचं आरवणं, सगळं छाटून टाकलं होतं. आता एकच पॅकेज बसवायचं राहिलं होतं. यादीत नसलेलं काही बोलायचं झालं तर आबांनी टाइप करावं आणि यंत्रानं ते वाचून दाखवावं, अशी सोय. ओळ टाइप केली. फोननं गोतावळ्याची यादी दाखवली, चाळीसेक नावं. बसवू का? हो. थोडं झालं आणि थांबलं. जागा शिल्लक नाही.

जागा कशानं भरली ते मला माहीत होतं. चार दिवसांची मूळ, न छाटलेली रेकॉर्डिंगं फोनमध्येच होती. वाक्यं तर काढून झाली होती. सालपटं कशाला ठेवायची? मी दुसरी ओळ टाइप केली आणि ती रेकॉर्डिंगं पुसून टाकली. माझं हे सभ्य यंत्र बसवताना विचारतं, पुसताना विचारत नाही. त्यात कचऱ्याची पेटी नसते, नक्की पुसू का, असा प्रश्न नसतो. ओळ टाइप केली, बटण दाबलं, पापणी लवायच्या आत काम झालं. पॅकेज बसलं, चाळीसच्या चाळीस. मला बरं वाटलं. त्या वेळी दाराआड आबांच्या गळ्यातून काय काढलं जात होतं, ते मी विसरलो नव्हतो, पण दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं मला वाटलं नाही.

आबा घरी आले. गळ्याला पुढून भोक, त्यावर पातळ फडकं. ओट्यावर गल्लीतली माणसं जमली. मी कौतुकानं फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी 'या, बसा' हे बटण दाबलं आणि फोन आबांच्या आवाजात म्हणाला, "या, बसा." एकदोन बाया डोळे पुसायला लागल्या. माझी छाती फुगली. मग आबांनी बोट फिरवत फिरवत ते बटण शोधलं. आई परसात होती.

"माझ्या पत्नीला बोलवा," फोन म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी गल्ली हसली. वाईट मनानं नाही, पण हसली. आई हात पुसत दारात आली. "हाई कोनले बलाई ऱ्हायनात तुम्हीन?" तिनं विचारलं, आणि मग कळल्यावर तोंडाला पदर लावला. आबांचे कान लाल झाले होते. ते बटण त्यांनी पुन्हा कधी दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना टाइप करायला शिकवलं. त्यांनी दोन बोटांनी, खूप वेळ लावून आपली हाक टाइप केली. यंत्र ती बोललं, बस स्टँडवरची बाई गाडी लागल्याचं सांगते तशा सुरात. आई आत भाकरी थापत होती. तिनं ओ दिली नाही. आबांनी पुन्हा दाबलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "हाई कोन शे बाई? मन्हा वळखना नही." आबांनी फोन बंद करून उशाखाली ठेवला.

तेव्हा मला ती चौथ्या दिवसाची सकाळ आठवली, आणि त्यांनी माझं वाक्य वाचूनच तर ती हाक मारली होती, हे माझ्या डोक्यात शिरलं. 'पत्नीला बोलवा' म्हणजे काय करायचं, ते त्यांनी मला करून दाखवलं होतं. दोनशेपैकी तेवढं एकच वाक्य ते स्वतःच्या बोलीत बोलले होते आणि मी त्यांना गप्प करून चुकीचं वाचायला लावलं होतं. आणि मग कापलं, आणि मग पुसलं.

मी फोन घेऊन वेड्यासारखा जळगावला आलो. पुसलेल्या फाइली परत आणायचं एक पॅकेज असतं. ते त्याच फोनवर बसवलं. पुसलेली जागा मोकळी असते, नवीन काही बसवलं की ते तिच्यावरच जाऊन बसतं, म्हणून आधी काहीही बसवू नका, हे मीच मुलांना दर वर्षी शिकवतो. वर्षानुवर्षं शिकवतो. बैल गेला आणि झोपा केला, तोही बैलाच्याच अंगावर. हाती आले ते आवाजाचे तुकडे, खरखर, आणि एका ठिकाणी कोंबडा. आबा नव्हते, आईही नव्हती. हाकांच्या जागी माझी चाळीस पॅकेजं बसली होती.

गावी जाऊन फोन परत दिला आणि आबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "जाऊ दे." फोनपेक्षा त्यांना पाटी बरी वाटायची. पण पाटी दाखवायला माणूस समोर लागतो. परसातल्या बाईला ती कशी दिसणार? म्हणून ते टाळी वाजवायला लागले. आमच्यासाठी एक, आईसाठी दोन. आई टाळीला ओ द्यायची, पण ती पूर्वीसारखी लांबवून नाही. पुष्कळदा टाळी ऐकूच यायची नाही, आणि आबा ओट्यावर टाळ्या वाजवत बसलेले असायचे. त्या टाळ्या ऐकून मला घरात थांबवत नसे. सुट्टी संपायच्या आधीच मी काहीतरी कारण काढून जळगावची गाडी धरायचो. हे लिहायला मला लाज वाटते.

दीड वर्ष ते असे राहिले. गेल्या थंडीत गेले.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले. एक दिवस दुपारी मी उशाखालचा तो फोन काढला, चार्जिंगला लावला. चालू झाल्या झाल्या त्यानं सांगितलं, दोनशेवर पॅकेजं जुनी झाली आहेत, नवी बसवू का? मी नाही म्हणालो. आई शेजारी येऊन बसली होती. तिला म्हटलं, "माय, आबांचा आवाज ऐकतीस का? शे ह्यामा. कोनता लावू?"

ती बराच वेळ बटणांकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, "नको. त्यामा त्या टोपी घालीसन बोलतस."

मी फोन बंद केला.

"भाऊ, तुले एक सांगू का?" ती म्हणाली. "नाशिकले जावाना दिन. तुम्हीन आठेच बठेल व्हतात. मी च्या लीसन उनू. तू मले व्हटवर बोट ठीसन दखाडं, गप म्हनीसन, आनि दार लोटी दिधं."

ओठांवर बोट ठेवून दार लोटल्याचं मला आठवत नव्हतं, पण मी असं केलं असणार. चारही दिवस तेच करत होतो.

"मी दारना मांगेच उभी ऱ्हायनू. हातमा च्या व्हता. त्यास्नी हाक मारी. एकदाव. मी म्हनं, आते ओ दिधी ते भाऊनं काम बिघडी. मंग दुसरींदाव मारी. मंग तिसरींदाव." ती पदराशी चाळा करत होती. "एवढं लाकूड मधमा व्हतं. मी ओ दिधी नही."

त्यानंतर लगेच गाडी आली, धावपळ झाली, आणि पुढची हाक मारायला आबांकडे आवाज नव्हता. हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"मंग?" मी विचारलं. त्या खोलीत मीच तर होतो, तरी विचारलं.

"मंग काय. थोडा येळ वाट दखी त्यास्नी," ती म्हणाली. "मंग तुनी यादी वाचाले लागनात."